अक्काला दिलेला होकार

वडिलांनी पायावरची पट्टी शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडवली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि ती उशीखाली ठेवून वरून थोपटली. मग पाय पलंगाखाली सोडून ते चपला शोधू लागले. मुलगी डबा धुऊन खोलीत आली, तेव्हा त्यांचा उजवा अंगठा चपलेत शिरत नव्हता आणि तो का शिरत नाही हे ते वाकून कुतूहलाने बघत होते. अंगठा काळा पडला होता. शेजारची दोन बोटंही. त्यामागे पावलाच्या मध्यापर्यंत कातडीवर जांभळट, ओलसर चकाकी होती.

"बाबा, कुठे निघालात?"

"दुकानात. गिऱ्हाईक खोळंबलंय."

दुकान विकून पुष्कळ वर्षं झाली होती. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत. आयुष्यभर त्यांनी चष्म्याची भिंगं घासली होती, आणि रुग्णालयात आल्यापासून समोर येईल त्याचा चष्मा नाकावरून उतरवून, खिडकीच्या उजेडात धरून ते निकाल देत. म्हणून वॉर्डात त्यांचं नाव भिंगकाका पडलं. शल्यविशारद असलेल्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की हा डाव्या डोळ्याचा नंबर कुणी काढला, गवंड्याने का? डॉक्टरांनी नंबर तपासून घेतला. चष्म्यातला होता तो बरोबरच निघाला. हे त्यांनी काकांना सांगितलं नाही.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. उशीखालची गुंडाळी त्यांनी न बोलता काढून घेतली. वडिलांनी पाय मागे ओढला.

"हा पाय माझा आहे की तुमचा?"

"तुमचाच, काका."

"मग हात लावू नका."

सिस्टरांनी मुलीकडे बघितलं. "यात चुकलं काय त्यांचं, सांगा बरं."

मुलीने समजावलं. जखम धुतली नाही तर ती वर चढेल, बाबा, थोडा वेळ द्या, मी इथेच आहे, तुम्ही माझा हात धरा. ती एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. कारण आधी आणि परिणाम नंतर, असं क्रमाने सांगायची तिला सवय होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि सिस्टर वाकल्याबरोबर ट्रेला लाथ मारली. औषधाची बाटली भिंतीवर आपटली, कापसाचे बोळे पलंगाखाली गेले. ते उठून उभे राहिले, त्या पायावर भार दिला आणि कळ लागून पडता पडता पडद्याला धरून सावरले.

"गप बस रे! एका जागी बस म्हणते ना!"

शब्द तोंडातून गेले आणि मुलीचे हात तिथेच थांबले. तिने उभ्या जन्मात वडिलांना अरे-तुरे केलं नव्हतं. त्या घरात बाबांना सगळेच अहो-जाहो करत. मांजरसुद्धा त्यांना तुम्ही म्हणून म्याव करतं, असं आई म्हणायची.

वडील पलंगावर बसले. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी उजवा पाय स्वतःहून पुढे केला आणि तिच्या हाताला धरून तिला खाली, पायाशी ओढलं.

"अक्का, फुंकर घाल ना."

सिस्टरांनी डोळ्याने खूण केली. मुलगी वाकली आणि काळ्या बोटांवर फुंकर घालत राहिली. सिस्टरांनी जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. वडील एकदाही हलले नाहीत.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांची आई गेली तेव्हा ते लहान होते, आणि अक्कानेच त्यांना वाढवलं. मुलीला ती आठवते ती अंधुक. उंच, किडकिडीत बाई, आणि थेट मुलीसारखाच घसा बसल्यासारखा आवाज. ती गेली तेव्हा बाबा दुकान उघडायला नेहमीच्या वेळी गेले, इतकंच मुलीच्या लक्षात होतं.

त्या दिवसापासून सिस्टरांनी तिला गळच घातली. चालू ठेवा हो बाई, नाटकातलं काम समजा, दोघीतिघींची मनगटं पिरगाळून झालीत आमच्या. मुलीने चालू ठेवलं. इन्सुलिनच्या वेळी ती "दंड पुढे कर बघू" म्हणायची, जेवताना "हा एवढाच घास, मग सुट्टी". ते ऐकत. तिला वाटलं होतं की हे अवघड जाईल. अवघड गेलं नाही, आणि हेच तिला कुणाला सांगता येईना. बाबांनी तिला कधी जवळ घेतलं नव्हतं. ती पहिली आली की ते "छान" म्हणत आणि कॅलेंडरकडे बघत. आता ते तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत. झोपेत तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरत. ती पाय बधिर झाला तरी हलत नसे. कुणी खोलीत आलं की मात्र तिचा आवाज आपोआप खाली यायचा, चोरी पकडली गेल्यासारखा.

एकदा त्यांनी तिच्या कानाशी येऊन विचारलं, "ती बाई गेली का?"

"कुठली रे?"

"ती येते ती. तुम्ही-तुम्ही करते." त्यांनी दाराकडे बघितलं. "चांगली आहे. पण फार समजावते."

मुलगी हसली. मग बराच वेळ ती त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली.

आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. त्या मुलीपेक्षा वयाने लहान होत्या आणि बोलताना टेबलावरची पेन्सिल उलटसुलट करत. त्यांनी आडवळण घेतलं नाही. बोटं गेलीच आहेत, पाऊलही जाईल. विष रक्तात उतरायच्या आत गुडघ्याखाली पाय काढला तर कदाचित वर्षभर मिळेल, कदाचित अधिक. हृदय कमजोर आहे, ऑपरेशनच्या टेबलावरच काही झालं तर तेही धरून चालायचं. नाही काढला तर काही आठवडे, आणि त्यातले शेवटचे औषधांच्या गुंगीत.

धाकट्या भावाचं मत पक्कं होतं. तो रविवारी येऊन गेला होता. बाबांनी त्याचा चष्मा तपासला, त्याला वीजबिल घ्यायला आलेला माणूस समजून बसायला सांगितलं, आणि तो बाहेर येऊन जिन्यात रडला. आज फोनवर तो म्हणाला होता की ताई, यात विचारायचं काय आहे, लहान मूल लस नको म्हणतं म्हणून आपण लस देत नाही का? बाबांना समजत असतं तर ते हो म्हणाले असते. तिने हे डॉक्टरांना सांगितलं.

"म्हणाले असते का?" डॉक्टरांनी विचारलं. "आजाराच्या आधी कधी बोलले होते? कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय काढला, तेव्हा?"

मुलीने आठवून बघितलं. सहलीला जायचं का, बघू. नवीन यंत्र घ्यायचं का, बघू. आईच्या शेवटच्या आजारात मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं का, तेव्हाही ते खिडकीबाहेर बघत बघू म्हणाले होते, आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले होते. त्यांच्या बघूचा अर्थ कधी हो निघे, कधी नाही, आणि तो आधी कुणालाच कळत नसे.

"नाही," ती म्हणाली. "ते असं काही बोलत नसत."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी त्यांना रोज विचारते. ते रोज नाही म्हणतात. समजून म्हणत नाहीत, हे खरं. उद्या त्यांना आठवणारही नाही. पण समजत नाही म्हणून माणसाचं 'नाही' केरात टाकता येत नाही मला. ऑपरेशन मी करू शकते. कायदा आड येणार नाही, तुम्ही दोघं आहात, दुसऱ्या डॉक्टरांचं मतही मिळेल. प्रश्न नंतरचा आहे. पाय दिसणार नाही, ते शोधतील. उठतील, पडतील. पट्ट्या ओढतील. जखम भरेपर्यंत हात बांधून ठेवावे लागतील."

"हात?"

"दुसरा उपाय नाही." त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "सिस्टर सांगत होत्या की तुमचं ते ऐकतात. म्हणजे... तुम्ही त्यांची बहीण असता तेव्हा. तुम्ही विचारून बघाल? त्यांनी हो म्हटलं तर सगळंच जरा सोपं जाईल. त्यांना. आणि मलाही, खोटं कशाला बोलू."

मुलगी परत आली तेव्हा दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. वडील जागे होते. हाताची बोटं एकमेकांवर गोल गोल फिरवत होते. भिंग घासण्याची ती चाल होती, दाब न देता, एकसारखी. तिने खुर्ची जवळ घेतली.

"काय रे, काय चाललंय?"

"अक्का." ते सरकले. "उशीर केलास."

"कामं होती." तिने त्यांचा हात हातात घेतला. तो गरम होता. "एक विचारायचंय तुला. तुझा पाय फार खराब झालाय. डॉक्टर म्हणतात, काढून टाकू. तुला झोपवतील, काही कळणार नाही. मग तो दुखणार नाही. काय करू या?"

त्यांनी पायाकडे बघितलं. मग तिच्याकडे. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर फिरत राहिली, भिंगात चरा आहे का बघताना फिरायची तशी.

"तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, काढू या."

"मग काढू दे."

इतकं सोपं. मुलीने त्यांचा हात दाबला. उठायला ती पुढे झाली, पण त्यांनी हात सोडला नाही.

"अक्का, आईला नेलं तेव्हा तू म्हणालीस, उद्या येईल."

मुलगी परत टेकली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं. घरात आजीबद्दल कुणी बोलतच नसे.

"हो," ती म्हणाली.

"मला माहीत होतं, ती नाही येणार."

"कसं रे?"

"मामा तिची गादी बाहेर काढत होता. मी खिडकीतून बघितलं. माणूस परत यायचं असेल तर गादी कशाला काढतील?"

बाहेर कुणी तरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक करकरत होतं. ते हळूहळू दूर गेलं.

"मग तू रोज का विचारायचास? आई उद्या येणार ना म्हणून?" लहानपणी ते खरंच तसं विचारत की नाही हे तिला माहीत नव्हतं. ती अंदाजाने बोलली, आणि अंदाज खरा निघाला.

"तुझ्यासाठी." ते अगदी सहज म्हणाले. "विचारलं की तू म्हणायचीस, हो, उद्या. आणि कामाला लागायचीस. नाही विचारलं की चुलीपाशी बसून रडायचीस. मला तू रडलेली आवडत नाही."

मुलीने खाली बघितलं. त्यांचा अंगठा तिच्या हाताच्या पाठीवर गोल फिरत होता.

"आणि आता हा पाय," ती म्हणाली. आवाज तिचा की अक्काचा, तिला कळेना, तसे दोन्ही एकच होते. "मी काही म्हटलं नसतं, तर तू काय केलं असतंस?"

"घरी गेलो असतो."

"पाय दुखतोय ना पण?"

"दुखू दे. मला घरी जायचंय, अक्का. सारखे हात लावतात सगळे." मग त्यांनी तिचा चेहरा बघितला, आणि लगेच, घाईघाईने, तिची समजूत घातल्यासारखं म्हणाले, "काढू दे, काढू दे. मी काही करणार नाही. तू रडू नको."

डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला चहा निवला होता.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. "बरं झालं. मग उद्या सकाळी पहिलंच घेते. तुमच्या भावाला..."

"डॉक्टर, हो कुणाला म्हणाले?"

डॉक्टरांनी तिच्याकडे वळून बघितलं.

"मला ते आल्या दिवसापासून नाहीच म्हणतायत," मुलगी म्हणाली. "तुम्हालाही. सिस्टरांनाही. मी आवाज बदलून विचारलं तेव्हा हो आलं. आणि ते त्यांना हवंय म्हणून नाही आलं. मला बरं वाटावं म्हणून आलं." तिने खिडकीच्या चौकटीवर हात टेकला. "आमच्याकडे नमुना घेताना बाटली आधी धुवून घेतात, त्याच पाण्याने. नाही तर बाटलीतलंच काही तरी मोजलं जातं. मी आज बाटली न धुताच नमुना घेतलाय. माझंच उत्तर त्यांच्या तोंडून घेतलं."

डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं, मघाशी सांगितलं होतं तेच, पण आता दुसऱ्या बाजूने. ताप येईल. वास येईल. दुखणं आवरायला औषध आहे, ते त्या हात आखडता न घेता देतील. घरी नेता येईल, परिचारिका यायची सोय करता येईल. मध्येच मन बदललं तर थोडेच दिवस ते उपयोगाचं ठरेल, नंतर नाही. हे नीट समजलंय ना?

"समजलंय."

"तुम्हाला नंतर त्रास होईल. मी पाहिलंय. लोक वर्षानुवर्षं विचारत बसतात."

"काढला असता तर झाला नसता का?"

डॉक्टरांनी थंड चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "झाला असता," त्या म्हणाल्या. ऑपरेशनची उद्याची वेळ त्या सोडून देतील, पण भावाशी त्या स्वतः बोलतील, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय पुढचं काही ठरणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

भावाला फोन तिने जिन्यातून केला. तो आधी शांतपणे बोलला, मग नाही. तू त्यांना स्वतःच्या हातांनी मारतेयस ताई, एवढं तुला कळतंय ना, असं म्हणाला. तिने ऐकून घेतलं. अक्काची गोष्ट सांगितली. गादीची सांगितली.

"तुझ्याशी बोलतात तरी," शेवटी तो म्हणाला. "मला वीजबिलवाला समजतात. म्हणून तू ठरवणार."

"माझ्याशी पण नाही बोलत रे," ती म्हणाली. "माझ्याशी कुठे बोलले?"

त्याने नाक ओढलं. निघतोय, म्हणाला. संध्याकाळपर्यंत पोचतो, तोवर कुणाला काही सांगू नको. मग फोन ठेवायच्या आधी विचारलं की बाबा जेवले का.

ती खोलीत परतली. सिस्टर पट्टी बदलायची तयारी ठेवून दुसऱ्या रोग्याकडे गेल्या होत्या. ट्रे झाकलेला होता. वडील उशीला टेकून दाराकडे तोंड करून बसले होते. ती आत आली तशी त्यांची नजर तिच्यावरून पुढे, तिच्या मागच्या रिकाम्या दारात गेली.

"बाबा," ती म्हणाली, "पट्टी बदलायची आहे. बदलू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही बदलणार."

त्यांनी पाय जवळ ओढून घेतला.

"अक्का कुठाय?"

नुसतं "काय रे" म्हणायचा अवकाश होता. पाय पुढे आला असता, डोकं मांडीवर आलं असतं. तिने ट्रेच्या कडेवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवलं.

"अक्का गेली," ती म्हणाली.

"गेली?"

"हो."

ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले. त्यांच्या हाताची बोटं थांबली होती. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "दमली होती."

मुलगी उभीच होती. ट्रे तिने उघडला नाही. काही वेळाने त्यांचं लक्ष पुन्हा तिच्याकडे गेलं, आणि घरी नवखं माणूस आल्यावर यजमानाला वाटतो तसा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"तुम्ही उभ्या का?" ते म्हणाले. "बसा ना."

दोन्ही हातांनी त्यांनी आपला दुखरा पाय उचलला, सावकाश भिंतीच्या बाजूला सरकवला आणि तिच्यासाठी पलंगावर जागा केली.